सासूपासून दहा मीटर

ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला जगभरातून माणसं येतात असं म्हणतात. मला विचाराल तर त्यातली निम्मी सकाळचं माझं भाषण ऐकायला येतात! हे माझंच मत आहे, कबूल. पण ते अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

मी अहाब्वे. गाईड. पाहुण्यांना जंगलात नेण्याआधी मी फाटकापाशी बाकावर उभा राहतो आणि नियम सांगतो. बाकीचे गाईड पाढे म्हटल्यासारखे म्हणून टाकतात. मी रंगवून सांगतो! "गोरिलापासून दहा मीटर लांब. तो जवळ आला तर आपण मागे सरायचं. जंगल त्याचं आहे, तुमच्या मामाचं नाही! तोंडावर मास्क. त्याच्यासमोर खायचं नाही, थुंकायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आणि तो धावून आला तर काय वाटेल ते झालं तरी पळायचं नाही! खाली बसायचं, मान खाली, नव्या सुनेसारखं!" इथे लोक हसतात. हसायला मी थोडी जागा ठेवलेलीच असते.

मग आवाज खाली आणून शेवटचा नियम. "सर्दी, खोकला, ताप असेल त्यानं आत्ताच सांगा. माणसाची सर्दी गोरिलाला लागते, आणि त्याच्या छातीत उतरली की आल्याचा काढा करून द्यायला त्याच्याकडे कुणी नसतं. तुमच्या घरात तान्हं बाळ असताना पाहुणा शिंकत आला, तर त्याला आत घ्याल का? नियम म्हणजे नियम!"

माझ्या गटात आजवर एकानंही नियम मोडलेला नाही. एका मंत्र्याच्या मेव्हण्याला मी फाटकातून परत पाठवलंय! (त्याला पाऊस नको होता, तो आधीच निघाला होता. पण पाठवलं मीच.)

तर त्या गुरुवारी माझ्या गटात आल्या मसाकाच्या चर्चच्या महिला मंडळाच्या बायका. डोक्याला सगळ्यांचे सारखे निळे रुमाल, हातात भाजलेल्या मक्याची कणसं, आणि गलका असा की फाटकावरची कावळ्यांची शाळा उठून गेली. त्यांच्याशिवाय निल्स नावाचा एक उंच डेन्मार्कवाला होता. आणि कुंपणापाशी, ह्या सगळ्यांपासून लांब, एकटीच उभी असलेली एक बाई होती. ठेंगणी, ताठ, अंगात तपकिरी गोमेसी, म्हणजे मसाकाकडचा टोकदार खांद्यांचा पायघोळ झगा. डोक्याला रुमाल नाही. हातात कसलासा बोळा, आणि तो नाकाशी.

माझा शेवटचा नियम संपला आणि ती शिंकली.

"मावशी," मी म्हणालो, "सर्दी आहे?"

"सर्दी नाही रे पोरा. रस्त्याची धूळ."

धूळ! माझ्यातला कलावंत जागा झाला. समोर प्रेक्षक होते, निल्स मन लावून ऐकत होता. मी बाकावरून उतरलो, बाईंना दंडाला धरून उजेडात आणलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि खिशातली बॅटरी काढली.

"आ करा."

"काय?"

"आ! मोठा!"

बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की दुसरा कुणी असता तर बॅटरी विझवून घरी गेला असता. पण नियमापुढे मी कुणाचं ऐकत नाही. त्यांनी आ केला. मी हनुवटी धरून घशात उजेड मारला. घसा टोमॅटोसारखा लाल! मी तो निल्सला दाखवला. महिला मंडळाच्या बायकांनाही दाखवला. त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मला वाटलं, भाषण आवडलं.

"परत," मी म्हणालो.

"मी रात्रभर गाडीत बसून आलेय पोरा. लांबून बघेन. मास्क दोन लावेन."

"मावशी, घरात तान्हं बाळ असताना पाहुणा शिंकत आला, तर त्याला आत घ्याल का? नियम म्हणजे नियम!"

बाईंनी बोळ्यानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "बरं. जे बघायला आले होते ते बघून झालं माझं." आणि जाऊन उपाहारगृहाच्या बाकावर बसल्या. निल्सनं टाळ्या वाजवल्या. मी किंचित वाकलोसुद्धा.

आता इथे नाबोसाबद्दल सांगायला हवं. नाबोसा आमच्या गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. मी तिच्याकडे टाचेला काटा रुतला म्हणून गेलो, मग रुतला नसतानाही जात राहिलो, आणि आता त्या शनिवारी मसाकाला तिच्या घरी मागणीचा समारंभ ठरला होता. माझ्याकडची माणसं तिच्या दारात जाणार, मुलगी मागणार, त्यांनी हो म्हटलं की लग्न पक्कं. नाही म्हटलं की आमची मिरवणूक केळ्यांच्या घडांसकट परत! तिच्या आत्यानं मला आधीच वरून खालपर्यंत बघून पास केलं होतं. वडील हयात नाहीत. शेवटचा शब्द आईचा.

आईला मी पाहिलं नव्हतं. पाहायचंच नव्हतं! आम्हा डोंगराकडच्या लोकांत सासरा आणि सून एकमेकांपासून जपून लांब राहतात, पण मसाकाकडे जावई आणि सासू एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. ती समोरून आली तर ह्यानं रस्ता सोडून केळीच्या बागेत शिरायचं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हात लावायचा नाही. लागलाच तर जावयाचे हात जन्मभर थरथरत राहतात. त्याला ओबुको म्हणतात. थट्टा नाही, नाबोसाच्या गल्लीतला असा एक काका मी स्वतः पाहिलाय. तो चहाला बसला की शेजारच्या घरातली माणसं कपबशीचा आवाज ऐकून आपापला चहा टाकत.

तर आम्ही जंगलात शिरलो. चर्चच्या तीन बायका, निल्स, मी, आणि मागे बंदूक घेतलेला ब्येन्सी. ब्येन्सी माझा बालमित्र. रानहत्ती आलाच तर हवेत बार काढायचा एवढंच त्याचं काम, आणि हत्ती येत नसल्यामुळे त्याला बोलायला भरपूर वेळ असतो. पहिल्या चढावर एक मोठा दगड आहे. तेवढ्या एकाच दगडावर फोनला रेंज येते. मी सवयीनं त्यावर चढलो आणि खिसा थरथरला.

नाबोसाचा निरोप होता. "घात झाला! आई चर्चच्या बायकांबरोबर आज तुझ्याच गटात आहे. मला आत्ता कळलं. तुला न कळू देता तुझं काम बघायचंय तिला. तुला ठाऊक आहे असं दाखवू नकोस. पण देवाशपथ, तिला हात लावू नकोस आणि तोंडाकडे बघू नकोस! ती म्हणते, डोंगराकडच्या माणसाला सासूची रीत काय कळणार. शनिवार तुझ्या हातात आहे."

मी लिहिलं, "कोणती?" पाठवायला गेलो तर रेंज गेली. दगडावर एका पायावर उभा राहिलो, हात वर केला, उडी मारून पाहिली. नाही!

खाली तीन निळे रुमाल चढ चढत होते. तीनही रुमालांखाली माझी सासू असू शकत होती.

"ब्येन्सी," मी कुजबुजलो, "ह्यातली एक माझी सासू आहे."

ब्येन्सीनं तिघींकडे पाहिलं. "कुठली?"

"ते ठाऊक असतं तर तुला सांगितलं असतं का?"

"मग नाव विचार."

"सासूचं नाव मला कोण सांगणार! मला एवढंच ठाऊक आहे की नाबोसाच्या थोरल्या भावाचं नाव किझितो."

"मग तिघींनाही सासू धर," ब्येन्सी म्हणाला. "एकीला चुकून सोडण्यापेक्षा दोन जास्त झालेल्या बऱ्या."

तेव्हापासून माझी चाल बदलली. मी पुढे दहा मीटर चालू लागलो, मान खाली. वळून काही सांगायचं झालं तर झाडाकडे बघून सांगायचं. मागे त्या 'बिचारी, बिचारी' असं काहीतरी बोलत होत्या, पण इतक्या लांबून मला काही नीट ऐकू येत नव्हतं. वाट अरुंद झाली आणि तिघी माझ्याजवळ येऊ लागल्या की मी वाट सोडून काटेरी झुडपात शिरायचो, पाठ करून उभा राहायचो, आणि त्या गेल्या की पळत पुन्हा पुढे जायचो.

तिसऱ्यांदा झुडपातून बाहेर आलो तर शेजारच्या झुडपात निल्स उभा होता. पाठ करून, मान खाली घालून.

"तुम्ही इथे काय करताय?" मी विचारलं.

"तुम्ही करताय म्हणून मी करतो," तो गंभीरपणे म्हणाला. "हा नियम सकाळी सांगायचा राहिला होता. स्त्रियांना वाट द्यायची. उत्तम आहे. आमच्याकडे नाही."

तेवढ्यात तिघींतली सगळ्यात दणकट बाई चिखलावरून घसरली आणि ओरडली, "अरे पोरा, हात दे!"

हात! मी वाळलेली काठी मोडून तिचं एक टोक पुढे केलं. दुसरं टोक धरताना आधी हाताला केळीचं पान गुंडाळलं.

"काठीतून लागतं का रे?" ब्येन्सीनं कानात विचारलं.

"आता विचारू कुणाला?"

"हे काय चाललंय?" बाई भडकल्या. "माझ्या अंगाला वास येतो की काय? आणि बोलताना त्या झाडाकडे काय बघतोस? झाड घसरलंय का?"

"अगं किझितोच्या आई, जाऊ दे ना," मागची लुकडी बाई म्हणाली. "डोंगराकडची माणसं अशीच."

किझितोची आई!

ब्येन्सीनं मागून माझ्या पाठीत बंदुकीचा दस्ता हळूच टोचला. म्हणजे ही! हिच्या हातात माझा शनिवार, आणि सकाळपासून हिचा मी तीनदा अपमान केलेला! मी काठी सोडून दोन पावलं मागे गेलो, गुडघ्यापर्यंत वाकलो आणि जमिनीकडे बघत म्हणालो, "आपल्याला काही कमी पडलं तर सांगावं. मी आपला सेवक."

किझितोच्या आईनं संशयानं माझ्याकडे पाहिलं असावं. मी पाहत नसल्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. "कमी काही नाही," त्या म्हणाल्या, "पण मला जरा जायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मसाकाला! अरे, सकाळपासून चहा प्यायलेय मी!"

हा नियम मी भाषणात कधी रंगवत नाही. जंगलात कुणाला जावं लागलं, तर कोयत्यानं हातभर खड्डा खणायचा आणि नंतर माती लोटून बुजवायचा, म्हणजे आपला रोग गोरिलाला लागत नाही. खड्डा खणतो गाईड. आता सांगा, जगाच्या पाठीवर कुठल्या जावयावर अशी वेळ आली असेल?

"ब्येन्सी, तू खण."

"मी बंदूकवाला," ब्येन्सी म्हणाला. "कोयता माझ्या कामात येत नाही. शिवाय सासू तुझी!"

मी खणायला लागलो. हातभर खणून झालं तेव्हा वाटलं, सासूबाईंसाठी हातभर म्हणजे हलक्यात काढल्यासारखं होतं. अजून थोडा खणला. कडा तासल्या. तळाशी नेचाची पानं अंथरली. भोवती फांद्यांचा आडोसा केला, आणि तो एका बाजूनं विरळ वाटला म्हणून पुन्हा केला. घाम पुसून वर पाहतो तर किझितोच्या आई कमरेवर हात ठेवून खड्ड्यात डोकावत होत्या.

"पोरा, ह्यात केळ लावायचीय की मला पुरायचंय?"

निल्सनं विचारलं, "मलाही असाच मिळेल का?"

एवढं सगळं होईपर्यंत पुढे गेलेल्या माग काढणाऱ्यांचा निरोप आला. गोरिलाचं कुटुंब खालच्या ओढ्यापाशी होतं. आम्ही पिशव्या आणि काठ्या ठेवल्या, मास्क चढवले. आता तीन बायकांचे नुसते सहा डोळे दिसत होते, आणि त्यांतल्या दोन डोळ्यांपासून मला जन्माचं संरक्षण हवं होतं.

रुटारे, म्हणजे त्या कुटुंबाचा म्होरक्या, बसला होता. पाठ चांदीसारखी, मान खांबासारखी, आणि रानातले दांडे सोलून सोलून खाणं चाललेलं. मी कितीदा पाहिलंय त्याला, तरी दर वेळी माझा आवाज आपोआप बसतो. बायका एकदम गप्प झाल्या. नालोंगो, म्हणजे ती लुकडी, जुळ्यांची आई, तिचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. त्या एका क्षणी मी सासू विसरलो.

मग रुटारे उठला आणि आमच्या दिशेनं चालू लागला.

"खाली बसा," मी कुजबुजलो. पण सांगायची गरजच नव्हती! मसाकाच्या बायका कुणी मोठा माणूस समोर आला की गुडघे टेकूनच ख्यालीखुशाली विचारतात. तिघी रेशमासारख्या खाली बसल्या, माना खाली, हात मांडीवर. नालोंगोनं तर सवयीनं "या साहेब, प्रवास कसा झाला?" असंही हळूच विचारलं. त्यांचं बघून निल्स बसला. ब्येन्सी बसला. असा गट मला जन्मात मिळाला नव्हता!

एवढ्यात किझितोच्या आई गुडघ्यांवरूनच सरकत माझ्याकडे येऊ लागल्या. नियमाप्रमाणेच हो! रुटारेला वाट मोकळी करून देत होत्या. पण त्या एक हात सरकल्या, तसा मी एक हात मागे सरकलो. त्या दोन हात आल्या. मी दोन हात मागे. मी गोरिलाकडे बघत नव्हतो, वाटेकडे बघत नव्हतो. मी फक्त तो निळा रुमाल आणि मी ह्यांच्यामधलं अंतर मोजत होतो. मागे झुडूप लागलं, मी झुडपात शिरलो. झुडपापलीकडे काहीतरी ऊबदार पाठीला लागलं. वाटलं, शेवाळाचा खडक असेल. टेकलो.

खडकानं श्वास सोडला.

मी हळूच मान वळवली. रुटारेची धाकटी बायको! पोटाशी तान्हं पिल्लू, आणि ते पिल्लू माझ्या रेनकोटची टोपी धरून चोखत होतं. सासूपासून दहा मीटर राखायच्या नादात मी गोरिलाच्या मांडीवर जाऊन बसलो होतो!

तिनं एक खोकल्यासारखा आवाज काढला. त्याचा अर्थ मी भाषणात सांगतो: 'पुरे.' रुटारेनं तो ऐकला, वळला, छाती बडवली आणि झाडं मोडत आला.

पळायचं नाही. खाली बसायचं. मान खाली, नव्या सुनेसारखं. हे सगळं मला पाठ होतं. मी पळालो!

दोन ढांगा गेलो असेन नसेन, तोच एका दणकट हातानं माझी कॉलर धरली आणि मला खाली आदळलं. दुसऱ्या हातानं मान चिखलात दाबली.

"बस खाली!" किझितोच्या आई दातओठ खात कुजबुजल्या. "सकाळी काय सांगत होतास?"

रुटारे आमच्यापुढे येऊन थांबला. घामाचा आणि ओल्या पाल्याचा वास आला. मग त्यानं फुरफुर केली, वळला, बायको-पोराला घेतलं आणि झाडीत गेला. माझी मान अजून सासूबाईंच्या हातात होती.

परतीच्या वाटेवर माझे हात थरथरू लागले. आधी बोटं, मग मनगट. ब्येन्सी म्हणाला, "भीती असेल." मी म्हणालो, "भीती ओढ्यापाशी संपली. हा ओबुको आहे." आणि मला रडू आलं. हो, आलं. मला नाबोसा हवी होती. कुणी टाचेतला काटा काढताना आपल्यालाच रागावावं, असं माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं.

फाटकापाशी मी सगळ्यांना गोरिला पाहिल्याची प्रमाणपत्रं दिली. त्यावरची माझी सही गांडूळ चालल्यासारखी आली. किझितोच्या आईंनी ती वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्या हातांकडे पाहिलं आणि उपाहारगृहात नेऊन माझ्यापुढे चहा ठेवला. कप बशीत वाजू लागला. मला तो आवाज ओळखीचा होता.

"काय झालंय रे तुला, पोरा? आजारी आहेस का?"

मी बाकावरून उतरून जमिनीवर बसलो, तोंड भिंतीकडे केलं आणि सगळं ओकलो. "आई, मला माफ करा! मला ठाऊक आहे तुम्ही कोण ते. मी काठी दिली ती मान म्हणून दिली, खड्डा खोल झाला तोही मान म्हणून. हात तुम्ही लावलात, मी नाही. पण शनिवारी मिरवणूक परत पाठवू नका. तुमची नाबोसा मी जिवापाड जपेन!"

मग किझितोच्या आई म्हणाल्या, "कोण नाबोसा? मला पाचही मुलगेच आहेत."

कप वाजायचा थांबला. खरंच सांगतो, जागच्या जागी! मी हात डोळ्यांसमोर धरले. स्थिर! दगडासारखे! मी उठलो, त्यांच्या तोंडाकडे मनसोक्त बघितलं, दोन्ही हात धरून हलवले आणि चहा एका घोटात प्यायलो.

"पण तुम्ही तर किझितोच्या आई!"

"अरे, मसाकाला डोळे मिटून दगड मारलास तर तो कुठल्यातरी किझितोलाच लागतो," त्या हसत म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "नाबोसाचा तो गाईड तू? डोंगराकडचा? अगं बाई! मग तुझी सासू ती, सकाळची! शिंकत होती म्हणून गाडीत आम्हीच तिला मागच्या सीटवर टाकलं होतं. रुमालही नाक पुसून पुसून गेला बिचारीचा."

"कोण सकाळची?" मी विचारलं. उगाच विचारलं. मला कळलं होतं.

"जिच्या घशात बॅटरी मारलीस ती!"

कप पुन्हा वाजू लागला. ह्या वेळी बशीही.

बाकावर कुणी नव्हतं. सासूबाई दुपारच्या गाडीनंच निघून गेल्या होत्या. उपाहारगृहवालीनं त्यांचा निरोप दिला: "त्याला म्हणावं, शनिवारी ये. बघू."

शुक्रवारी सकाळी मी उठलो तो नाक गळतच. कामावर गेलो तर फाटकात ब्येन्सी उभा. हातात माझीच बॅटरी.

"आ कर."

"ब्येन्सी, गाढवा, रस्त्याची धूळ आहे."

"आ. मोठा!" त्यानं माझा घसा दोन स्वयंपाकिणींना आणि एका गवंड्याला दाखवला आणि मला घरी पाठवलं.

शनिवारी आम्ही मसाकाला पोचलो. मी पांढरा पायघोळ झगा घातलेला, वर कोट, हात कोटाच्या खिशात कोंबलेले. मागे ब्येन्सी, माझी माणसं, केळ्यांचे घड, साखर, मीठ, टोपल्या. दारात नाबोसाची आत्या उभी होती. मी तिला बघून हसलो आणि शिंकलो.

"सर्दी?" आत्या म्हणाली.

"नाही हो आत्या. रस्त्याची धूळ."

आत्यानं कमरेची बॅटरी काढली. "आ कर."

दोन्हीकडची सगळी माणसं बघत होती. मी आ केला. आत्यानं आत पाहिलं, चुकचुक केलं, आणि आतल्या भिंतीकडे तोंड करून ओरडली, "लाल!"

भिंतीपलीकडून एक आवाज आला. ठसठशीत, थोडा बसलेला. "त्याला सांगा, घरात नाबोसाच्या बहिणीचं तान्हं बाळ आहे. घरात तान्हं बाळ असताना पाहुणा शिंकत आला, तर त्याला आत घ्याल का? नियम म्हणजे नियम!"

माझंच भाषण! थांबायची जागासुद्धा तीच! मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. माझी म्हातारी माणसं केळ्यांचे घड पुन्हा डोक्यावर घेऊ लागली.

"थांबा," भिंत म्हणाली. "घड ठेवा खाली. मी तिकडे मुलगा बघायला गेले होते. वाटलं होतं, पाहुण्यांच्या पुढेपुढे करणारा असेल, एखादी नोट दाखवली की वाकणारा असेल. ज्यानं माकडाच्या पोरासाठी एका म्हातारीला दारातून परत पाठवलं, तो स्वतःच्या पोरांना जपेल. मुलगी दिली."

"गोरिला," मी पुटपुटलो. "माकड नाही." आत्यानं डोळे वटारले.

"आणि हातांचं?" मी भिंतीला विचारलं.

"तेव्हा तू जावई नव्हतास, गाईड होतास. गाईडला ओबुको लागत नाही. मूर्खासारखा हलवत बसू नकोस."

मी खिशातून हात काढून पाहिले. थांबले होते. भिंतीपलीकडे कुणीतरी हळूच शिंकलं, आणि त्यामागून नाबोसाचं हसणं ऐकू आलं. ते हसणं ऐकून मला जे वाटलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तर माझं लग्न ठरलं! माझ्यासाठी अंगणाच्या टोकाला, फणसाखाली, बाक मांडला. आत्यानं पावलं टाकून अंतर मोजलं. मास्क दिला. जेवण केळीच्या पानात बांधून मधल्या जागेत ठेवलं, आत्या मागे सरली, मग मी जाऊन उचललं. तिकडे मांडवात गाणी चालली होती, नाच चालला होता. रीतीप्रमाणे आत्यानं पाहुण्यांतून नवरदेव शोधून मुलीशेजारी उभा करायचा असतो, आणि फोटोवाल्याला तर घाई होती, म्हणून आत्यानं माझा कोट तेवढा मांडवात नेला.

त्या समारंभाचा मोठा फोटो आता सासूबाईंच्या बैठकीत लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो कौतुकानं दाखवतात. मध्यभागी नाबोसा. तिच्या शेजारी माझा कोट घालून, छाती काढून, ब्येन्सी. मीही आहे. नीट बघितलं की दिसतो. मागे, फणसाखाली, बरोबर दहा मीटरवर.